प्रश्न सुटला, टळला की अजून सोबतच आहे?

एका सॉफ्टवेअरमध्ये बिघाड होतो. ग्राहक तक्रार करतो आणि त्याला इंग्रजीत उत्तरं यायला लागतात. पहिलं उत्तर, 'वी आर लुकिंग इनटू इट.' मग, 'वी आर वर्किंग ऑन इट.' त्यानंतर, 'वी हॅव फाउंड अ वे अराउंड इट.' आणि शेवटी, 'वी हॅव सॉर्टेड इट आउट.' घाईत वाचलं तर चारही उत्तरं सारखीच वाटतात: बघतोय, करतोय, होऊन जाईल.

प्रत्यक्षात पहिल्या उत्तरात फक्त चौकशीचं आश्वासन आहे. बिघाड नेमका कुठे आहे हेही अजून कळलेलं नाही. दुसऱ्यात काम सुरू झालंय, पण ते संपेल असं कुणी म्हटलेलं नाही. तिसरं उत्तर सगळ्यात फसवं, कारण ते सुटकेसारखं ऐकू येतं. बिघाड मात्र जागच्या जागी आहे, त्याला वळसा घालून काम चालवता येतंय इतकंच. प्रकरण खरोखर मिटलं ते चौथ्यात. तिसऱ्या उत्तरावर समाधान मानून तक्रार मागे घेणाऱ्याला पुन्हा तीच तक्रार नोंदवावी लागली तर नवल नाही.

अडचणींशी माणसं कशी वागतात हे सांगायला इंग्रजीत असे कितीतरी क्रियापदी वाक्प्रचार आहेत. शाळेत ते पाठ करायला लावतात: एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. त्या यादीत 'डील विथ', 'सॉर्ट आउट', 'वर्क आउट', 'टॅकल' या सगळ्यांसमोर साधारण 'सोडवणे' किंवा 'हाताळणे' असंच लिहिलेलं असतं. मग पाठ करूनही काही हाती लागत नाही, कारण फरक क्रियापदात कमी आणि त्याला चिकटलेल्या छोट्या शब्दात जास्त असतो. अडचण माणसाच्या शेजारी आहे, पुढ्यात आहे, मागे पडलीय की बाजूला सारलीय, हे तो छोटा शब्द सांगतो. वाचताना आधी त्याच्याकडे बघायची सवय लागली की यादी पाठ करण्याची गरज बरीच कमी होते.

परक्यांना हे जड जातं, हे इंग्रजांनाही जुनं ठाऊक आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी लिहून ठेवलंय की क्रियापदाला असा शब्द जोडून अर्थ बदलण्याची पद्धत इंग्रजीत बहुधा इतर कुठल्याही भाषेपेक्षा जास्त आहे आणि परदेशी माणसांची सर्वात मोठी अडचण तीच आहे. अशा जोडीला 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र बऱ्याच उशिरा पडलं. लेखक लोगन पियर्सल स्मिथ यांनी १९२५ मध्ये ते छापलं आणि नाव कोशकार हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं सांगितलं.

मराठी माणसाने या प्रकाराला फार बिचकायचं कारण नाही. आपण दिवसभर असलंच काहीतरी बोलत असतो, फक्त आपली जोडी वेगळी असते. 'सोडवलं' आणि 'सोडवून टाकलं' यांतला फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही. 'टाकलं' म्हटलं की एक कटकट गेल्याचा सुस्कारा ऐकू येतो. 'करून घेतलं' म्हणजे आपल्या सोयीचं साधलं, 'करून दिलं' म्हणजे दुसऱ्यासाठी केलं, 'करत बसला' म्हणजे उगाच वेळ घालवला, 'करून बघितलं' म्हणजे जमेल की नाही याची खात्री नव्हती. 'वेळ मारून नेली' यात तर मारणं आणि नेणं या दोन्ही क्रियांचा पत्ता नाही, तरी अर्थ लख्ख आहे. आपण दुसरं क्रियापद जोडून जे काम करतो, तेच इंग्रजी बरेचदा 'आउट', 'ऑफ', 'थ्रू' असल्या शब्दांकडून करून घेते. एकास एक जोड्या लावता येत नाहीत हे खरं, पण कान तयार आहे.

सुरुवात 'विथ'पासून करू, कारण सर्वात जास्त गैरसमज इथेच होतात. 'विथ' म्हणजे सोबत. अडचणीच्या संदर्भात 'विथ' आलं की बहुतेक वेळा अडचण अजून माणसाच्या सोबत आहे. 'ग्रॅपल विथ' किंवा 'रेसल विथ' म्हणजे झोंबी चाललीय आणि कोण जिंकेल ते ठरलेलं नाही. 'कोप विथ' म्हणजे अडचण आहेच, पण माणूस तिच्यासह उभा आहे, कोसळलेला नाही. 'लिव्ह विथ' म्हणजे ती जाणार नाही हे मान्य करून आयुष्य चालू ठेवलंय. 'पुट अप विथ' म्हणजे मनाविरुद्ध सहन करणं, नाइलाज म्हणून खपवून घेणं. यातल्या 'पुट' आणि 'अप'मधून सहनशीलता कशी निघाली हे शोधत बसू नये. काही जोड्या जशाच्या तशा गिळाव्या लागतात, ही त्यातली एक.

दीर्घ आजाराबद्दल लिहिताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. 'शी इज कोपिंग विथ हर इलनेस' या वाक्याचं मराठीत 'तिने आजारावर मात केली' असं केलं तर ते चूक तर आहेच, शिवाय त्या बाईवर अन्यायही आहे. ती रोज जे निभावतेय ते त्या भाषांतरात पुसून जातं. मात करण्यासाठी 'ओव्हरकम' आहे किंवा 'गेट ओव्हर' आहे. त्यातल्या 'ओव्हर'मध्ये अडचण ओलांडून पलीकडे गेल्याचा भाव आहे.

'कोप'चा इतिहासही बघण्यासारखा आहे. फ्रेंचमधल्या 'कू', म्हणजे प्रहार, या शब्दाशी त्याचं नातं आहे. 'कोप विथ' म्हणजे मुळात कुणाशी तरी दोन हात करणं, हाणामारी करणं. हळूहळू हाणामारी गेली आणि टिकून राहणं तेवढं उरलं. आपल्याकडे या वाक्प्रचारात हमखास एक जादा शब्द घुसतो: 'कोप अप विथ'. 'पुट अप विथ', 'कीप अप विथ', 'कम अप विथ' या जोड्या कानावरून गेलेल्या असतात, त्यांच्या चालीवर हेही तयार होतं. प्रमाण इंग्रजीत 'कोप'ला 'अप' लागत नाही.

'डील विथ' मात्र या कुटुंबातला बेभरवशाचा सदस्य आहे. 'आय अ‍ॅम डीलिंग विथ इट' म्हटलं तर अडचण अजून सोबत आहे. 'इट हॅज बीन डेल्ट विथ' म्हटलं तर ती निकालात निघालेली आहे. 'डील विथ इट' असं कुणी तोडून म्हटलं तर त्याचा अर्थ जवळजवळ 'तुझं तू बघ' असा होतो. त्यामुळे 'डील विथ' दिसलं की काळ कोणता आणि बोलणारा कोण हे पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये. माझं मत विचाराल तर आपण स्वतः लिहिताना हा वाक्प्रचार जरा कमीच वापरावा. तो इतका सर्वसमावेशक आहे की त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

'विथ'च्या अगदी उलट स्वभाव 'आउट'चा. आत दडलेलं बाहेर आलं, गुंतलेलं मोकळं झालं, काम तडीस गेलं, असा त्याचा सूर असतो. 'फाइंड आउट' म्हणजे माहिती मिळाली, कुणीतरी सांगितली किंवा कुठेतरी सापडली. 'फिगर आउट' म्हणजे स्वतः डोकं चालवून उलगडा केला. गाडी किती वाजता सुटते ते आपण 'फाइंड आउट' करतो. ती रोज उशिरा का सुटते ते 'फिगर आउट' करावं लागतं. 'सॉर्ट आउट'मध्ये आवराआवर आहे, गोंधळ होता तो निस्तरला. 'आयर्न आउट' म्हणजे मोठं काम झालंय, फक्त बारीकसारीक कुरबुरी उरल्यात, त्या काढून टाकायच्या, कपड्याला इस्त्री केल्यावर चुण्या जाव्यात तशा. म्हणून एखाद्या करारातल्या मूलभूत मतभेदाला 'वी विल आयर्न इट आउट' असं कुणी म्हणालं तर सावध व्हावं. मोठी गोष्ट लहान करून दाखवण्याचा तो सभ्य मार्ग असू शकतो. दोन बाजूंनी खरोखर घासाघीस करून काहीतरी ठरवलं असेल तर इंग्रजी 'हॅमर आउट' म्हणते. त्यात हातोड्याचे घाव ऐकू येतात.

आता एकच क्रियापद घेऊन छोटे शब्द बदलत जाऊ. त्यासाठी 'वर्क' उत्तम आणि प्रसंग म्हणून अपोलो १३ची मोहीम.

११ एप्रिल १९७० रोजी हे यान चंद्राकडे निघालं. सुमारे ५६ तासांनी, पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरहून जास्त अंतरावर असताना, त्यातली एक ऑक्सिजनची टाकी फुटली. जिम लव्हेल, जॅक स्वायगर्ट आणि फ्रेड हेझ हे तीन अंतराळवीर मुख्य यानातून चंद्रावर उतरण्यासाठीच्या छोट्या यानात गेले. ते छोटं यान दोन माणसांसाठी, साधारण दोन दिवसांच्या हिशेबाने बनवलेलं होतं. तिघांना त्यात जवळपास चार दिवस काढायचे होते. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात उड्डाण संचालक जीन क्रान्झ यांनी आपल्या लोकांना तेव्हा जे सांगितलं त्याचा आशय असा: प्रश्न सोडवू या, पण अंदाजपंचे काही करून तो आणखी बिघडवू नका.

नासाच्या लोकांच्या बोलण्यात 'वर्क द प्रॉब्लेम' असा एक प्रयोग आढळतो. मध्ये कुठलाच छोटा शब्द नाही. घाबरून न जाता पद्धतशीरपणे, एकेक पायरी घेत प्रश्नाला भिडणं, असा त्याचा अर्थ. नेहमीच्या इंग्रजीत 'वर्क ऑन द प्रॉब्लेम' म्हणतात, म्हणजे त्यावर काम चालू आहे. दोन्हींत शेवटाची हमी नाही, पण 'वर्क द प्रॉब्लेम'मध्ये शिस्त ऐकू येते.

यानातली हवा हळूहळू विषारी होऊ लागली. तिघांच्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे डबे छोट्या यानात पुरेसे नव्हते. मुख्य यानात जादा डबे होते, पण ते चौकोनी आणि छोट्या यानातली जागा गोल. किती वेळात हवा धोकादायक होईल, किती डबे लागतील, हा हिशेब जमिनीवरच्या लोकांनी केला. इंग्रजीत म्हणायचं तर 'दे वर्क्ड इट आउट'. विचार करून, गणित मांडून उत्तर काढलं. मग एड स्मायली यांच्यासारख्या अभियंत्यांनी यानात असलेल्याच वस्तूंतून, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, अंतराळ-पोशाखाच्या नळ्या आणि चिकटपट्टी यांतून एक जोडणी तयार केली. तिच्यामुळे चौकोनी डब्यांतून हवा खेळवता आली. चौकोनी डबा चौकोनीच राहिला, गोल जागा गोलच राहिली. विसंगती मिटली नाही, तिला वळसा घातला गेला: 'दे वर्क्ड अराउंड इट'. आणि ही जोडणी करण्याच्या सूचना रेडिओवरून एकामागून एक वाचून दाखवल्या गेल्या, तशा अंतराळवीरांनी त्या पार पाडल्या. त्यासाठी 'दे वर्क्ड थ्रू द स्टेप्स'. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही पायरी न गाळता. १७ एप्रिलला तिघंही सुखरूप समुद्रात उतरले.

एकाच घटनेत 'ऑन', 'आउट', 'अराउंड' आणि 'थ्रू' चारही खरे आहेत, पण प्रत्येकाचा विषय वेगळा. हिशेबाला 'अराउंड' चालणार नाही आणि चौकोनी डब्याला 'आउट' चालणार नाही.

'अराउंड'बद्दल आणखी एक गोष्ट. त्याच्या मागचं क्रियापद बदललं की चारित्र्य बदलतं. 'वर्क अराउंड' प्रतिष्ठित आहे. त्यातूनच तांत्रिक क्षेत्रात 'वर्कअराउंड' हे नाम रूढ झालंय आणि ते कुणी लाजत नाही. 'गेट अराउंड'ला, विशेषतः पुढे नियम किंवा कायदा असेल तर, पळवाटेचा वास येतो. 'वी गॉट अराउंड द रूल' असं अहवालात लिहिणारा माणूस नकळत कबुलीजबाब देत असतो.

'थ्रू'मध्ये लांबी आहे. आत शिरायचं, मधलं अंतर काटायचं आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. 'थिंक थ्रू' म्हणजे परिणामांपर्यंत जाऊन विचार करणं. 'पुल थ्रू' म्हणजे मोठ्या आजारातून किंवा संकटातून तगून निघणं. 'सी इट थ्रू' म्हणजे हाती घेतलेलं अर्ध्यावर न सोडणं. आणि 'मडल थ्रू' म्हणजे धड योजना नसताना, चाचपडत, चुकतमाकत का होईना पण निभावून नेणं.

या 'मडल थ्रू'ला विद्वानांच्या जगात फार मोठं भाग्य लाभलं. चार्ल्स लिंडब्लॉम या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये लिहिलेल्या लेखाच्या नावातच 'मडलिंग थ्रू'चं शास्त्र असा प्रयोग केला. त्यांचं म्हणणं असं की सरकारी धोरणं आखणारे लोक सगळे पर्याय मांडून, सगळ्यांचे परिणाम मोजून निर्णय घेतात हे पुस्तकी चित्र आहे. प्रत्यक्षात तेवढी माहिती आणि तेवढा वेळ कुणाकडेच नसतो. लोक आहे त्या धोरणात थोडा बदल करतात, काय होतं ते बघतात आणि पुन्हा थोडा बदल करतात. लिंडब्लॉम यांच्या मते ही लाजिरवाणी गोष्ट नसून गुंतागुंतीच्या प्रश्नांत हीच शहाणपणाची रीत असते. ज्या शब्दात उपहास होता त्याला त्यांनी पद्धतीचा मान दिला. वीस वर्षांनी, १९७९ मध्ये, त्यांनी त्याच विषयावर पुन्हा लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा आशय होता: अजून चाचपडतोय, पार मात्र झालो नाही. इंग्रजीत त्यांनी 'मडलिंग' आणि 'थ्रू' या दोघांची सरळ फारकत केली होती. चाचपडणं चालू, 'थ्रू' अजून यायचंय. छोटा शब्द किती वजन पेलतो याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

'ऑफ' म्हणजे दूर. पण दूर करण्याचेही दोन प्रकार. 'फेंड ऑफ' आणि 'स्टेव्ह ऑफ'मध्ये माणूस खरोखर झुंजतोय, संकट येऊ देत नाही. 'हेड ऑफ'मध्ये ते येण्याआधीच त्याची वाट अडवतोय. याउलट 'पुट ऑफ' म्हणजे चालढकल आणि 'श्रग ऑफ' म्हणजे खांदे उडवून सोडून देणं. इथून टाळाटाळीचा मोठा प्रदेश सुरू होतो. 'ब्रश असाइड' म्हणजे दुसऱ्याचा आक्षेप झटकून टाकणं, 'ग्लॉस ओव्हर' म्हणजे गैरसोयीच्या गोष्टीवरून भरभर पुढे जाणं, 'एक्सप्लेन अवे' म्हणजे कारणं देऊन देऊन दोष नाहीसाच करणं.

या वाक्प्रचारांचा कर्ता बहुतेक वेळा 'तो' किंवा 'ते' असतो. 'मी पुट ऑफ करतोय' असं माणूस कबूल करेल, ते मानवी आहे. 'मी ब्रश असाइड केलं' असं सहसा कुणी म्हणत नाही. म्हणजे हे शब्द वर्तनाचं वर्णन कमी आणि आरोप जास्त आहेत. बातमीत 'मंत्र्यांनी टीका ब्रश असाइड केली' असं लिहिलं असेल तर बातमीदाराने मत देऊन टाकलेलंच असतं. तटस्थ राहायचं असतं तर त्याने 'रिजेक्ट' वापरलं असतं.

आता बिनशेपटीची क्रियापदं. 'टॅकल' हा शब्द मूळचा जहाजावरचा, दोरखंड आणि साहित्य या अर्थाचा. पुढे तो रग्बीत समोरच्याला पकडून पाडण्यासाठी आला. अडचणीच्या बाबतीत त्यात अंगावर घेण्याचा जोर आहे, यशाची खात्री नाही. 'सॉल्व्ह' आणि 'रिझॉल्व्ह' दोन्ही लॅटिनमधल्या सैल करणं, मोकळं करणं या अर्थाच्या क्रियापदावरून आले. आपण गाठ आणि प्रश्न दोन्ही सोडवतो, त्याच जातीची कल्पना. वापरात मात्र फरक पडलाय. कोडं, गणित, गुन्ह्याचं रहस्य 'सॉल्व्ह' होतं. वाद, तंटा, तक्रार 'रिझॉल्व्ह' होते. शेजाऱ्यांचं भांडण 'सॉल्व्ह' केलं म्हटलं तर ते शब्दकोड्यासारखं वाटतं.

'अ‍ॅड्रेस' सध्या कार्यालयांत फार बोकाळलाय. 'वी हॅव अ‍ॅड्रेस्ड द इश्यू' म्हणजे आम्ही त्या मुद्द्याकडे लक्ष दिलं. तो सुटला की नाही याबद्दल हे वाक्य चकार शब्द काढत नाही आणि बरेच जण तो याच सोयीसाठी वापरतात. असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न 'इज इट फिक्स्ड?' असा थेट विचारावा.

औपचारिकतेचा हिशेब सोपा आहे. बोलताना आणि ओळखीतल्या ईमेलमध्ये जोडीची क्रियापदं, कागदोपत्री लॅटिन घराण्यातली. 'लुक इनटू' तिथे 'इन्व्हेस्टिगेट' होतं, 'पुट ऑफ' तिथे 'पोस्टपोन', 'पुट अप विथ' तिथे 'टॉलरेट'. आपणही घरी 'प्रश्न सुटला' म्हणतो आणि परिपत्रकात 'समस्येचे निराकरण करण्यात आले' लिहितो. मित्राला 'आय शॅल इन्व्हेस्टिगेट' लिहिलं तर तो हसेल, कारण ते त्या परिपत्रकाच्या भाषेत बोलल्यासारखं होतं.

मराठीतून विचार करताना काही ठरावीक ठिकाणी पाय घसरतो. आपण अडचणी'शी' झगडतो म्हणून 'टॅकल विथ द प्रॉब्लेम' लिहिलं जातं. 'टॅकल'ला 'विथ' लागत नाही. संकटा'तून' बाहेर येतो म्हणून 'ओव्हरकम फ्रॉम' होतं. नुसतं 'ओव्हरकम' पुरे. प्रश्ना'ला' तोंड देतो म्हणून 'फेस टू द प्रॉब्लेम' होतं. एक तर 'फेस द प्रॉब्लेम' म्हणावं किंवा 'फेस अप टू'. यातल्या दुसऱ्यात, आजवर जे टाळत होतो ते आता मान्य केलं, अशी जादा छटा आहे.

राहिला 'इट' कुठे बसवायचा हा प्रश्न. 'सॉर्ट इट आउट' बरोबर, 'सॉर्ट आउट इट' चूक. पण 'लुक इनटू इट' बरोबर आणि 'लुक इट इनटू' चूक. 'आउट' आणि 'ऑफ' या जोड्यांत 'इट', 'देम' असली सर्वनामं मध्ये शिरतात. 'विथ', 'इनटू', 'ऑन' आणि 'अराउंड' यांच्या ती मागे राहतात. 'थ्रू' दोन्हीकडे नांदतो: 'थिंक इट थ्रू', पण 'गेट थ्रू इट'. नियम आठवला नाही तर वाक्य मोठ्याने म्हणून बघावं. 'सॉर्ट इट आउट' म्हणताना जोर 'आउट'वर येतो, 'लुक इनटू इट' म्हणताना तो 'लुक'वर येतो. ज्या छोट्या शब्दावर असा जोर येतो, तो सर्वनामाला आपल्या पुढे बसू देतो.